नोटीस येते तोवर बरंच काही ठरलेलं असतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) दहा वर्षं राहताय, यंदा नागरिकत्व मिळालं, पत्नी अजून ग्रीन कार्डवर आहे. मुलांच्या शाळेमागच्या मोकळ्या जागेवर मोठं गोदाम येतंय, अशी प्लॅनिंग बोर्डाची, म्हणजे बांधकामांचे अर्ज मंजूर करणाऱ्या गावाच्या मंडळाची, नोटीस घरी आली. कुठल्या तरी पुरोगामी गटात काम करायची इच्छा आहे, पण न्यू जर्सीत सगळं आधीच ठरलेलं असतं असं सगळे सांगतात. मग एकट्या माणसाने सुरुवात कुठून करायची?

मी 2017 पासून या कामात आहे. उत्तर लांबणार आहे, कारण "अमुक गटात नाव नोंदवा" एवढं सांगून तुमचं काम होणार नाही.

आधी गोदाम. आमच्या गावात असंच एक गोदाम आलं तेव्हा आम्ही साठेक जण बोर्डाच्या सुनावणीला गेलो होतो. फलक केले होते, मुलांना बरोबर नेलं होतं. तीन तास लोक बोलले: ट्रक, धूर, शाळेची बस, रात्रीचे आवाज. सगळं खरं होतं. शेवटी बोर्डाचे वकील शांतपणे म्हणाले की ही जागा झोनिंगमध्ये (कुठल्या जागेवर काय बांधता येतं, याचे गावाचे नियम) औद्योगिक आहे, गोदामाला तिथे परवानगी आहेच, त्यामुळे लोकांना नको एवढ्या कारणावरून बोर्डाला अर्ज फेटाळता येत नाही. पाच मिनिटांत मतदान झालं आणि सगळे हात "हो"साठी वर गेले. त्या रात्री पार्किंगमध्ये मी गाडीत बसून रडले होते.

पुढे जुनी इतिवृत्तं काढून वाचली. ती जमीन औद्योगिक झाली सहा वर्षांपूर्वी, कौन्सिलच्या एका साध्या बैठकीत. त्या दिवशी जनतेतून बोलायला एकही माणूस नव्हता.

न्यू जर्सीचा 1975 चा जमीनवापर कायदा सांगतो की अर्जातल्या जागेपासून 200 फुटांच्या आतल्या मालकांना सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी नोटीस द्यायची. तुम्हाला आली ती हीच. म्हणजे बिल्डरचे वकील, अभियंते, नकाशे हे सगळं कितीतरी महिने चाललेलं असतं आणि तुमच्या हातात उरतात दहा दिवस. या टप्प्यावर गोदाम थांबवणं फार अवघड आहे. अटी मात्र मिळवता येतात: ट्रकचा रस्ता, रात्रीच्या वेळा, आवाज अडवणारी भिंत, शाळेच्या बाजूला झाडांचा पट्टा. त्यासाठी भाषण करू नका, प्रश्न विचारा. त्यांचा वाहतूक अभियंता शपथेवर साक्ष देतो आणि त्याला प्रश्न विचारायचा हक्क तुम्हालाही आहे. पुढच्या एका सुनावणीत आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने एवढंच विचारलं, "तुम्ही गाड्या कुठल्या महिन्यात मोजल्या?" जुलैमध्ये. शाळा बंद असताना! मोजणी पुन्हा करावी लागली आणि शाळेच्या रस्त्यावर ट्रक वळवायला बंदी आली. साठ जणांच्या तीन तासांनी जे झालं नाही ते त्या एका प्रश्नाने झालं.

मूळ निर्णय झोनिंगचा असतो आणि तो कौन्सिल करते. बोर्डावरची बहुतेक माणसं मेयर नेमतात. आमच्यासारख्या गावांत मेयर आणि कौन्सिल कोण, हे नोव्हेंबरात नव्हे, जूनच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या मतदानात ठरतं, कारण नोव्हेंबरात एकच पक्ष जिंकणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि प्रायमरीत पक्षाचा पाठिंबा कुणाला, हे काउंटी कमिटी ठरवते, किंवा काही काउंट्यांत एकटे अध्यक्षच. तुम्ही जे "आधीच ठरलेलं" म्हणताय ते इथे ठरतं. आणि या जागी जायला तुमच्यासारख्या माणसाला कुणी अडवलेलं नाही.

काउंटी कमिटी म्हणजे काय ते सांगते, कारण वीस वर्षं इथे राहिलेल्या आपल्या लोकांनाही ते माहीत नसतं. तुमचं मतदान केंद्र ज्या भागासाठी आहे, त्या छोट्या भागातून प्रत्येक पक्षाचे दोन सभासद प्रायमरीत निवडले जातात. पगार नाही, मान फारसा नाही. कित्येक जागा रिकाम्या असतात, कित्येक बिनविरोध जातात. तुमच्या आजूबाजूच्या दोनचार गल्ल्यांतले लोक तुम्हाला ओळखत असतील तर तुम्ही निवडून येऊ शकता. हीच माणसं गावातल्या आणि काउंटीतल्या पक्षाचे अध्यक्ष निवडतात.

या जागांचं वजन किती, ते 2024 मध्ये सगळ्या राज्याने पाहिलं. न्यू जर्सीतल्या 21 पैकी 19 काउंट्यांत प्रायमरीची मतपत्रिका अशी छापायचे की पक्षनेत्यांच्या पसंतीचे सगळे उमेदवार, वरच्या सिनेटरपासून खालच्या कौन्सिलपर्यंत, एकाच ओळीत यायचे. बाकीचे कुठेतरी कडेच्या रकान्यात. त्या कोपऱ्याला इथले कार्यकर्ते सायबेरिया म्हणायचे. मतदार ती ओळ बघून वरपासून खालपर्यंत खुणा करत जायचा. हीच ती "काउंटी लाइन". दुसऱ्या कुठल्याही राज्यात ही पद्धत नव्हती. रटगर्स विद्यापीठाच्या ज्युलिया सास रुबिन यांनी ओळीवर असण्याचा फायदा किती, हे वर्षानुवर्षं आकडे मांडून दाखवलं. न्यू जर्सी वर्किंग फॅमिलीज ही पुरोगामी संघटना आणि काही उमेदवार 2020-21 मध्येच कोर्टात गेले होते. आम्ही छोट्या गटांतले लोक ग्रंथालयांच्या खोल्यांत जुन्या मतपत्रिकांच्या प्रती घेऊन समजावत बसायचो. वीस खुर्च्या मांडायचो, आठ भरायच्या.

मग सप्टेंबर 2023 मध्ये सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर आरोपपत्र आलं आणि दुसऱ्याच दिवशी खासदार अँडी किम यांनी त्यांच्या जागेसाठी उमेदवारी जाहीर केली. नोव्हेंबरात तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी उभ्या राहिल्या आणि मोठमोठ्या काउंट्यांच्या अध्यक्षांनी भराभर त्यांना पाठिंबा दिला. सगळं ठरल्यासारखं वाटत होतं. पण काही काउंट्यांत पाठिंबा गुप्त मतदानाने ठरतो. फेब्रुवारी 2024 मध्ये मॉनमथ काउंटीच्या प्रतिनिधींनी किम यांना निवडलं, पुढे बर्लिंग्टन आणि हंटरडननेही. मत देणारे कोण होते? रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसलेली शाळाशिक्षक, परिचारिका, निवृत्त टपाल कर्मचारी अशीच माणसं. किम यांनी दोन सहउमेदवारांबरोबर लाइनविरुद्ध दावा लावला, राज्याच्या ॲटर्नी जनरलनी या कायद्याचा बचाव करणार नाही असं कळवलं, टॅमी मर्फी शर्यतीतून बाहेर पडल्या आणि 29 मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या जूनमधल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती ओळ बंद केली. मार्च 2025 मध्ये नवा कायदा झाला. आता एका पदाचे सगळे उमेदवार एकाच चौकटीत येतात.

म्हणून सगळं बदललं असं मी सांगणार नाही. 2025 च्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत सहा उमेदवार होते. आमच्यातले बरेच जण न्यूअर्कचे मेयर रास बराका यांच्यासाठी दारोदार फिरले, काही जर्सी सिटीचे स्टीव्ह फुलप यांच्यासाठी. जिंकल्या मिकी शेरिल, ज्यांना बऱ्याच काउंटी संघटनांचा पाठिंबा होता. शेरिल स्वतः 2018 मध्ये काँग्रेसवर गेल्या त्याची जमीनही आमच्यासारख्या साध्या लोकांनीच तयार केली होती. तिथले खासदार रॉडनी फ्रेलिंगहायसन जाहीर सभा घेईनात म्हणून लोक दर शुक्रवारी त्यांच्या कचेरीवर जात राहिले, आणि जानेवारी 2018 मध्ये त्यांनी पुन्हा उभं राहणार नाही असं जाहीर केलं. ज्यांच्यासाठी घाम गाळला ते पुढे आपल्या मनासारखंच करतील असं नसतं. ते निवडून आल्यावरही शुक्रवारी कचेरीवर जावं लागतं.

एडिसनच्या पाण्याचा किस्सा तुम्हाला जवळचा वाटेल. 2019 मध्ये गावाची पाणी आणि सांडपाण्याची यंत्रणा 40 वर्षांसाठी एका खासगी कंपनीकडे द्यायचा घाट होता. आपल्या राज्यात कॅलिफोर्नियासारखा राज्यभरचा जनमताचा अर्ज नाही, पण 1950 च्या फॉकनर कायद्याखाली चालणाऱ्या गावांत तो आहे, आणि एडिसन त्यांतलं एक. पाच नोंदणीकृत मतदार अर्जदार समिती म्हणून उभे राहतात आणि ठरलेल्या प्रमाणात सह्या गोळा करतात. मग एकतर कौन्सिलने तो ठराव मान्य करायचा, नाहीतर तो लोकांच्या मतदानाला जातो. एडिसनमध्ये तो मतदानाला गेला. सप्टेंबर महिना, नेमके गणपतीचे दिवस. लोक प्रचंड बहुमताने म्हणाले की पाणी सार्वजनिकच राहील. सह्या गोळा करण्याबद्दल एक धडा मात्र लक्षात ठेवा: गरजेपेक्षा खूप जास्त घ्या. पत्ता बदललेला असतो, अक्षर लागत नाही, माणूस मतदारच नसतो, आणि क्लार्कच्या टेबलावर सह्या गळतात.

हीच वाट पगारी आजारी रजेसाठी चालली. 2013 मध्ये जर्सी सिटीने पहिला ठराव केला, मग न्यूअर्कने. ट्रेंटन आणि माँटक्लेअरमध्ये 2014 साली लोकांनीच मतदानाने आणली. तेरा गावं झाली तेव्हा कुठे ऑक्टोबर 2018 मध्ये राज्यभरचा कायदा लागू झाला: दर 30 तासांच्या कामाला एक तास रजा, वर्षाला 40 तासांपर्यंत. एडिसनमधल्या ओक ट्री रोडवरच्या हॉटेलात पोळ्या लाटणाऱ्या बाईला ताप आला तर एक दिवस घरी राहता येतं ते यामुळे. तिला हा हक्क माहीत आहे का, हे कधीतरी विचारून बघा. मी विचारते, आणि बहुतेक वेळा उत्तर "नाही" असतं.

तुमच्या पत्नीबद्दल नीट वाचा. ग्रीन कार्डवर असताना देणगी देता येते, प्रचारात बिनपगारी काम करता येतं, कौन्सिलच्या बैठकीत बोलता येतं. एच-वन-बीवरच्या मित्रांना बिनपगारी काम आणि बैठकीत बोलणं चालतं, पण कुठल्याही निवडणुकीत एक डॉलरही द्यायचा नाही, अगदी शाळा मंडळाच्या उमेदवारालाही. आणि मतदार नोंदणी ग्रीन कार्डवाल्यांनी किंवा एच-वन-बीवाल्यांनी अजिबात करायची नाही. मोटार वाहन कार्यालयात लायसन्सचं काम करताना 2018 पासून मतदार नोंदणी आपोआप पुढे येते. तिथे स्पष्ट नकार द्यायचा. चुकून झालेल्या नोंदणीपायी नागरिकत्वाचा अर्ज अडकू शकतो. मी दारावर जाते तेव्हा आधी हेच सांगते, आणि गंमत म्हणजे त्यामुळे लोकांचा विश्वास बसतो.

दारांविषयी आणखी थोडं. आपल्या लोकांच्या अपार्टमेंटमध्ये "पुरोगामी" हा शब्द घेऊन गेलात तर दार अर्धंच उघडतं. मालमत्ता कर म्हटलात की चहा येतो. 2024 मध्ये राज्यातलं सरासरी बिल 10,000 डॉलरच्या वर गेलं आणि त्यातला निम्म्याहून अधिक पैसा शाळांकडे जातो. मग शाळा मंडळ, मग गोदामाला दिलेली करसवलत, मग बस, असं बोलणं आपसूक पुढे सरकतं. मी तर खरंच करापासून सुरू करते, कारण माझंही बिल तेवढंच दुखतं. पत्रकं टपालपेटीत टाकू नका, तो संघीय कायद्याचा भंग आहे. दाराच्या मुठीला लावा.

महाराष्ट्र मंडळाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंद असलेल्या मंडळाला कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही. पक्षनिरपेक्ष मतदार नोंदणीचं टेबल मात्र लावता येतं. गणेशोत्सवात, जेवणाच्या रांगेजवळ लावा. नाट्यगृहाच्या दाराजवळ कुणी थांबत नाही. समितीतले काही जण "इथे राजकारण नको" म्हणतील. त्यांच्याशी भांडू नका, संस्थेचे नियम लेखी दाखवा. आमच्याकडे दोन वर्षं लागली.

आता तुमचं. सुनावणीच्या आधी गावाच्या क्लार्ककडे माहिती अधिकाराखाली दोन गोष्टी मागा: गोदामाचा वाहतूक अहवाल आणि त्या जागेचं झोनिंग बदललेल्या बैठकीचं इतिवृत्त. साधारण सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर यायला हवं. 2024 मध्ये हा कायदा कमकुवत केला गेला, आम्ही विरोध केला आणि हरलो, तरी अजून उपयोगी आहे. म्हणून अर्ज आजच करा. दहा दिवसांतले किती गेले ते मला माहीत नाही. गावाचा मास्टर प्लॅन दर दहा वर्षांनी पुन्हा तपासावा लागतो. तुमच्याकडे तो कधी आहे, हे त्याच क्लार्कला विचारा आणि ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा. तुमच्या भागातल्या काउंटी कमिटीच्या दोन जागांवर कोण आहे तेही विचारा. एखादी रिकामी असेल तर मधल्या काळात ती समितीच भरते, त्यासाठी गावातल्या पक्षाध्यक्षांना पत्र द्यावं लागतं. दोन्ही भरलेल्या असतील तर त्या दोघांना एकदा भेटा. जूनच्या प्रायमरीचे अर्ज मार्चअखेरीस भरायचे असतात.

सुनावणीची तारीख कळवा. मिडलसेक्समध्येच असेल तर मी येईन, आणि त्या निवृत्त शिक्षिकेलाही घेऊन येते.