कर्ज काढण्याआधी मुलीला विचारा

प्रश्न : मुलीची फिजिओथेरपीची इंटर्नशिप संपत आली आहे. अशोक चौकाजवळ गाळा बघून ठेवलाय. अल्ट्रासाउंड, टेन्स, आयएफटी अशा, दुखऱ्या भागावर ध्वनिलहरी किंवा सौम्य वीज देणाऱ्या मशीनसाठी बँक कर्ज द्यायला तयार आहे. पण ती म्हणते, आधी हॉस्पिटलमध्ये काम करते, अजून शिकायचंय. साडेचार वर्षं शिकून झाल्यावर आणखी काय शिकायचं? तिला समजवा. – एक पालक, सोलापूर

उत्तर : समजवायचं तर तुम्हालाच आहे. पत्रात गाळा आहे, कर्ज आहे, मशीन आहेत. मुलीला कोणत्या पेशंटसोबत काम करायचंय, याची एक ओळ नाही. पदवी तिची, नोंदणी तिच्या नावावर आणि उद्या पेशंटचा खांदा आणखी दुखावला तर जाबही तिलाच द्यावा लागणार. हप्ते सुरू झाले की पेशंट लवकर बरा होण्यापेक्षा तो आणखी दहा वेळा यावा, अशी गरज तिच्यामागे लागेल. नवख्या पोरीला या कात्रीत ढकलू नका.

फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी, मग नोकरी किंवा एमपीटी ही पुढची पदवी, हा रस्ता तिला ठाऊक आहे.

एकदा शिकलं की जन्मभर पुरतं, हा तुमचा समज मात्र खोडायलाच हवा. कंबर धरली की पूर्वी अंथरुणात पडून राहायला सांगत. आता बहुतेकांना जमेल तेवढं हिंडतं-फिरतं राहा म्हणतात. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ साली कंबरदुखीच्या मार्गदर्शक सूचनांत अल्ट्रासाउंड, टेन्स आणि आयएफटी देऊ नका, असं स्पष्ट लिहिलं. तुमच्या यादीतली तिन्ही मशीन! काही दुखण्यांत त्यांचा उपयोग होत असेलही, पण ती कधी लावायची नाहीत हे कळण्यासाठीच वाचत राहावं लागतं.

शिवाय सोलापूरचे पेशंट बघा. विड्या वळणाऱ्या बायका तासन्‌तास मांडी घालून, मान खाली घालून बसतात. यंत्रमागावरचा कामगार पाळीभर उभा. त्यांना 'महिनाभर आराम करा' सांगून भागत नाही, कारण रोजगार बुडतो. बसणं कसं बदलायचं, कामातून उठून कोणते दोन व्यायाम करायचे, हे त्यांच्याशी बोलूनच ठरतं. त्यातल्या कित्येकींच्या घरी तेलुगू बोलतात. कामापुरती तेलुगू येणं हाही मी तिच्या शिक्षणाचाच भाग धरते. हे सगळं अनुभवी फिजिओच्या हाताखाली लवकर येतं.

मुलीलाही सांगते : दोन दिवसांच्या वर्कशॉपची सर्टिफिकेटं गोळा करत सुटू नकोस. पहिल्या दिवशी सांधा किती वळतो ते गोनिओमीटरने मोजून लिही, काही आठवड्यांनी पुन्हा मोज. फरक पडला नाही, तर ती केस सिनिअरसमोर ठेव. 'पेड्रो' हा ऑस्ट्रेलियातून चालणारा, फिजिओथेरपीच्या संशोधनाचा डेटाबेस मोफत आहे. अडलेल्या केसबद्दल तिथे शोध. ही सवय वीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतरही सोडायची नाही.

आणि दादा, गाळ्याचा व्यवहार थांबवा, इसार बुडाला तरी चालेल. क्लिनिक काढायचं की नाही, कुठे, कोणासाठी, हे दोन वर्षांनी तिला ठरवू द्या. तोवर हप्त्याला जाणार होते त्यातले थोडे पैसे तिच्या शिकण्यासाठी दर महिन्याला बाजूला काढा.