‘नाइस’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ ‘मूर्ख’ होता का? लिहिताना तो टाळावा का?

होय, होता. लॅटिनमधील ‘नेस्किउस’ म्हणजे अजाण. ‘ने’ हा नकार आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. ‘सायन्स’ हा शब्दही याच ‘स्किरे’च्या कुळातला. जुन्या फ्रेंचमधून ‘नाइस’ इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ मूर्ख, बावळट असाच होता. पुढे तो नखरेल, चोखंदळ, काटेकोर, सूक्ष्म अशी वळणे घेत गेला आणि ‘छान’ हा अर्थ अठराव्या शतकात रुळला.

परंतु आपण प्रश्नात दोन टोकांचेच अर्थ धरले आहेत आणि ज्या मधल्या अर्थापायी माझे एक वाक्य कायमचे बिघडले, तो ‘सूक्ष्म’ हा अर्थ राहूनच गेला आहे. काही वर्षांपूर्वी पुराव्याच्या कायद्यावरील एका इंग्रजी पुस्तिकेचे मी मराठी भाषांतर केले. तिच्यात एका प्रश्नाला ‘नाइस क्वेश्चन’ म्हटले होते आणि पुढे त्यावर न्यायालयांची मते भिन्न असल्याचे नोंदवले होते. मी लिहिले, ‘हा प्रश्न नाजूक व बारकाईने पाहण्याचा असून त्यावर न्यायालयांमध्ये मतभेद आहेत.’ दुसरे प्रूफ हाती आले तेव्हा ‘नाजूक व बारकाईने पाहण्याचा’ या शब्दांवर लाल शाईची रेघ होती आणि समासात ‘छान’ असे लिहिले होते. मी ज्येष्ठ संपादकांकडे गेले. ते म्हणाले, ‘नाइस म्हणजे छान, हे शाळेतले पोरही सांगेल; भाषांतरकाराने पदरचे घालू नये.’ ऑक्सफर्डच्या कोशात ‘सूक्ष्म’ हा अर्थ आजही स्वतंत्रपणे दिलेला आहे, हे मला ठाऊक होते. पण कोश घरी होता आणि पुस्तिका छपाईला जायची होती, म्हणून मी गप्प बसले. ते मला आजही खुपते.

शब्दाचा अर्थ पार उलटू शकतो, हे मराठी माणसाला नवे वाटू नये. आपण ज्याला कौतुकाने साहस म्हणतो, ते धर्मशास्त्रात बळजबरीच्या गुन्ह्याचे नाव आहे आणि मनुस्मृतीत प्रथम, मध्यम व उत्तम साहस म्हणजे अनुक्रमे २५०, ५०० आणि १००० पणांचे (पण हे त्या काळचे नाणे) दंड आहेत. तेथील ‘उत्तम साहस’ याचे भाषांतर कोणी ‘उत्कृष्ट धाडस’ असे केले तर आपण ते चालवून घेणार नाही. मग इंग्रजी शब्दालाच ही हयगय का?

म्हणून भाषांतर करताना ‘नाइस’च्या शेजारी भेद, मुद्दा, प्रश्न, तोल असे नाम दिसले, तर आधी ‘सूक्ष्म’, ‘बारीक’, ‘नाजूक’ लावून पाहावे आणि ‘छान’ सर्वांत शेवटी. संपादकांनी बदल सुचवलाच तर कोश बरोबर घेऊन जावे, आणि ‘पदरचे घातले’ हा आरोप निमूटपणे ऐकून घेऊ नये. अर्थात, पत्रात किंवा गप्पांत ‘नाइस’ बिनदिक्कत वापरावा. ‘मूर्ख’ हा अर्थ केव्हाच लोपला आहे आणि त्याच्या धाकाने शब्द टाळण्याचे कारण नाही. टाळायचाच तर तो फार ढोबळ झाला आहे म्हणून टाळावा.

त्या पुस्तिकेची पुढे दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यातही ‘हा प्रश्न छान असून त्यावर न्यायालयांमध्ये मतभेद आहेत’ असेच छापलेले आहे, आणि खाली भाषांतरकार म्हणून नाव माझे आहे.