उन्हाळ्यात लघवी गडद पिवळी होते, म्हणजे किडनी बिघडली का?

केळीच्या बागेत दिवसभर काम असते, एप्रिल लागल्यापासून लघवी गडद पिवळी होते, तर किडनी बिघडली असेल का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. परंतु भुसावळकडील एका प्रयोगशाळेत लघवीचे नमुने तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि दर उन्हाळ्यात हीच धास्ती घेऊन येणारी माणसे मी पाहिली आहेत.

आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा अंगातील पाणी घामावाटे जाते आणि उरलेले राखण्यासाठी मूत्रपिंडे लघवीतील पाणी पुन्हा रक्तात ओढून घेतात. पिवळेपणा देणारे द्रव्य, जे जुन्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनच्या विघटनातून तयार होते, ते मात्र रोज साधारण तेवढेच बाहेर पडते. पाणी थोडे म्हणून रंग दाट, इतकेच. म्हणजे आपला गडद पिवळा रंग हे बहुधा मूत्रपिंड काम करीत असल्याचेच लक्षण आहे. उलट मूत्रपिंड बरेच निकामी झाले की लघवी दाट करण्याची त्याची ताकद जाते, तिचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ती किती जड आहे याचे माप, १.०१० च्या आसपास अडकून राहते आणि ती पाण्यासारखी फिकट दिसू शकते. ‘माझी लघवी अगदी स्वच्छ होते’ असे ठासून सांगणाऱ्यांच्या रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे मंदावली की रक्तात साठणारे टाकाऊ द्रव्य, वाढलेले मी पाहिले आहे. नंदुरबारकडील आदिवासी समाजात आढळणाऱ्या सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजारातही लघवी दाट होत नाही; त्यामुळे अशा रुग्णाने फिकट रंगावरून आपण पुरेसे पाणी पितो असे समजू नये.

दिवसभर नीट पाणी प्यायल्यावर रंग उतरला, तर प्रश्न मिटला. उतरला नाही आणि लघवी कोऱ्या चहासारखी दिसू लागली, तर कावीळ आहे का ते पाहावे लागते. आमची जुनी युक्ती अशी की बाटली हलवून फेस पाहायचा: नुसत्या दाट लघवीचा फेस पांढरा राहतो, काविळीत तोही पिवळा होतो. अशा वेळी झाडपाल्याचे औषध घेण्याआधी रक्त तपासावे. मात्र भर उन्हात अतिश्रमानंतर अंग ठणकत असताना असा काळपट तपकिरी रंग आला, तर स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण आलेला असू शकतो; तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उन्हाळी लागून जळजळ होत असेल, लघवी गढूळ असेल आणि ताप असेल, तर सब्जाच्या पाण्यावर दिवस काढू नयेत.

बीट खाल्ल्याने लघवी लालसर होते, क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने नारिंगी होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. रक्ताची गोष्ट वेगळी. मुतखड्याचे रक्त कळांसह येते म्हणून माणूस धावत येतो. दुखत नाही, एकदा लाल होते आणि आपोआप थांबते, त्याकडे तो दुर्लक्ष करतो. मला काळजी या दुसऱ्या प्रकाराची अधिक वाटते, कारण मूत्राशयाचा कर्करोग पुष्कळदा असाच सुरू होतो आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत त्याचा धोका जास्त असतो.

आपल्याला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर रंग कसाही असो, वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन तपासून घ्यावे. नमुना देताना चालू असलेल्या गोळ्या अवश्य सांगाव्यात. बी-कॉम्प्लेक्सच्या एका गोळीने लघवी पिवळीजर्द होते.