पादचारी पुलाच्या आराखड्यावर सूचना कशी द्यावी

पहिल्यांदाच सूचना देत असाल, तर ‘पूल हवा’ किंवा ‘पूल नको’ एवढ्यावर थांबू नका. असं मत फार तर मोजलं जातं. जागा, अडचण आणि हवा असलेला बदल, तिन्ही एकाच मुद्द्यात लिहा.

नकाशासोबत उभा छेद, म्हणजे पूल बाजूने उंचीसकट दाखवणारं चित्र, मागून घ्याच, चढ तिथेच कळतो. वाहनांसाठी खाली साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवली, तर १५ सेंटिमीटरच्या पायऱ्या निदान ३७ होतात. पूल पेलणाऱ्या तुळईची जाडी वेगळीच. व्हीलचेअरसाठी १:१२ उताराचा (१२ मीटर लांबीत १ मीटर चढ) रॅम्प ६६ मीटर लांब, शिवाय मधले सपाट टप्पे. एवढी जागा नकाशात आहे का? नसेल तर लिफ्ट कुठे, आणि ती बंद पडली की लोक जाणार कुठून, हे लेखी विचारा. वळसा लांबला की माणसं खालूनच रस्ता ओलांडतात. म्हणून सिग्नलचं सपाट क्रॉसिंग तपासलं का, हा माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न. तिथे सिग्नलला किती वेळ हवा तेही पाहा: १५ मीटर रुंद रस्ता ओलांडायला सेकंदाला १.२ मीटर वेगाने साडेबारा सेकंद लागतात, ०.८ मीटरने चालणाऱ्या वृद्धाला जवळपास १९.

आराखड्यात पायवाटही असेल तर भर पावसात जाऊन पाणी कुठे साचतं ते पाहा, फोटोवर तारीख टाका.

सूचना मुदतीआधी द्या, पोच घ्या. निविदा निघाल्यावर पुलाची जागा सहसा बदलत नाही; कठडे, दिवे, उताराची फरशी एवढंच हाती उरतं.