वाचकांचे प्रश्न : वाड्याचं संग्रहालय करताना

नागपूरच्या महाल भागात आमचा शंभरीच्या पुढचा वाडा आहे. ओसरी, माजघर आणि माडीवर घराण्याच्या वस्तूंचं छोटं संग्रहालय करायचं ठरलंय. खालच्या भिंतींना लोणा (ओलीबरोबर वर येणारे पांढरे क्षार) लागलाय. सिमेंटचा गिलावा करून टाकावा का? आणि माडी शोकेसचं वजन पेलेल का?
– एक वाचक, महाल

सिमेंट अजिबात नको. जुन्या विटांची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू उडून जाते. त्यावर सिमेंट थापलं की ओलीची वाट बंद होते. मग ती आणखी वर चढते, क्षार विटेच्या आतच साठतात आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याबरोबर विटेचं तोंडही सुटून पडतं.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा. समोरचा रस्ता सिमेंटचा होताना जोत्यापेक्षा उंच झाला असेल, पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायाशी पडत असेल किंवा मोरीचा पाइप गळत असेल. हे दुरुस्त केल्याशिवाय गिलाव्याला हात लावू नका. त्यानंतर ओल दिसते त्याच्या वर दीड-दोन फुटांपर्यंत जुना गिलावा काढा, सांधे अर्धा-पाऊण इंच खरवडा आणि भिंत सुकू द्या. पांढरी पूड वर येत राहील. ती कोरड्या ब्रशनेच झाडा. पाण्याने पुसली तर क्षार परत आत जातात.

नवा गिलावा निदान तीन आठवडे भिजवलेल्या चुन्याचा, एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली वाळू. एक थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. आठ-दहा दिवस ओलं पोतं लावून ठेवा. हे काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीत संपवा. एप्रिल-मेच्या उन्हात चुना धरण्याआधीच वाळतो आणि भेगा पडतात. वरून चुन्याची सफेदीच द्या, प्लॅस्टिक पेंट नको.

आता माडी. राहत्या घराची जमीन आजच्या हिशेबाने चौरस मीटरला २०० किलो भारासाठी धरतात, प्रदर्शनाच्या दालनाला ४०० किलो. कडीपाटाची (लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्या अशी) माडी तर कुठल्याच हिशेबाने बांधलेली नसते. कड्यांची भिंतीत गेलेली टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा, वाळवी आणि कूज तिथेच लपते. संरचना अभियंत्याचा लेखी अहवाल घ्या. जड शोकेस खालीच ठेवा. वर हलक्या वस्तू, त्याही भिंतीलगत आणि अनेक कड्यांवर भार वाटला जाईल अशा. जिना एकच असेल तर एका वेळी वर किती माणसं, ते अभियंत्याला विचारून ठरवा आणि पाळा.

वायरिंग मात्र पूर्ण नवं, लोखंडी पाइपातून आणि ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीसह (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) हवं. भोसल्यांचा महालातला मोठा वाडा १८६४ साली आगीत गेला, हे या शहराने विसरू नये.

मे महिन्यात कूलर लावला नाही तर कोणी थांबणार नाही. मग दालनात कूलर चालेल का?
– एक वाचक, सीताबर्डी

दालनात नको. बाहेर कोरडी लू असते. ओल्या ताट्यांतून आलेली हवा खोलीतली आर्द्रता ६०-७० टक्क्यांपर्यंत नेते आणि रात्री कूलर बंद झाला की ती पुन्हा खाली येते. रोजच्या या चढउतारात लाकूड फुगतं-आकसतं, रंगवलेल्या पेट्यांचा रंग पापुद्र्यांनी सुटतो, तलवारी गंजतात, कागदावर तांबूस डाग पडतात. ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकली तर बुरशी ठरलेली. खसाच्या ताट्यांचंही तेच.

कूलर ओसरीवर, लोक बसतात तिथे लावा. दालनाच्या खिडक्या सकाळी नऊच्या आत बंद करून जाड पडदे सोडा आणि छताचा पंखा चालू ठेवा. वाड्याच्या रुंद भिंती बाकीचं काम करतात. प्रत्येक दालनात साधं आर्द्रतामापक ठेवा, सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा. ४० ते ६० टक्के बरे, पण आकडा स्थिर असणं त्याहून महत्त्वाचं. पावसाळ्यात दारं उघडी टाकू नका.

तलवारी, पगड्या आणि शेले स्वच्छ कसे करावेत?
– एक वाचक, धंतोली

चिंच, राख, लिंबू, पॉलिश पेपर, सगळं बंद. पात्यावरचा हलका गंज मऊ फडक्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब घेऊन पुसा, तेल पूर्ण टिपून घ्या. घामाने बोटांचे ठसे गंजतात म्हणून हातमोजे घाला. सोन्याचं कोफ्तगिरी काम (पोलादावर सोन्याची तार ठोकून केलेली नक्षी) असेल तर स्वतः काहीच करू नका. पातं म्यानात ठेवू नका. चामडं आणि लाकूड ओल धरतात.

शेला घडी घालून ठेवला तर घडीवर जरीची तार तुटते. धुतलेल्या मांजरपाटाने गुंडाळलेल्या जाड नळीवर तो गुंडाळा. कापड आणि कागदावर उजेड ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त नको, लाकूड आणि तैलचित्रांना १५०-२०० चालतो.

उद्घाटनाआधी दाखल-वहीत प्रत्येक वस्तूला क्रमांक, माप, फोटो आणि अवस्था नोंदवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांवरच्या दगडी, धातूच्या मूर्ती, जुनी चित्रं आणि सचित्र हस्तलिखितं यांची नोंदणी करावी लागते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षं आहे. अर्जाला फोटो जोडावे लागतात, तेव्हा दाखल-वहीचे फोटो नीट काढले तर तेच उपयोगी पडतील.