गॉडझिला पळाला, तिथेच घोळ झाला

तुम्ही विचारलंय की १९९८ चा अमेरिकन 'गॉडझिला' आत्ता पहिल्यांदा पाहिला, बरा वाटला, वेळ मजेत गेला. मग इतक्या वर्षांनीही लोक त्याच्या नावानं बोटं का मोडतात? एवढा पैसा ओतून नक्की बिघडलं कुठे?

आधी कबुली देतो. मलाही तो आवडला होता. शाळेत असताना पाहिला आणि त्यातला धक्क्यावरचा म्हातारा डोक्यात कायमचा बसला. आठवतोय ना? न्यूयॉर्कमध्ये धो धो पाऊस पडतोय आणि हा बाबा गळ घेऊन लाकडी धक्क्याच्या टोकाला जाऊन बसतो. गळाला काहीतरी लागतं, दोरी सरसर सुटत जाते आणि अख्खी काठीच हातातून निसटते. तो उठून उभा राहतो. लांबवर पाणी फुगायला लागतं, फुगत फुगत टेकडीएवढं होतं आणि त्याच्याच दिशेनं येतं. मग धक्क्याच्या फळ्या एकामागून एक उडतात आणि म्हातारा जीव घेऊन पळत सुटतो. अजून प्राणी नीट दिसलेलाही नाही, पण अंगावर काटा आलेला असतो. आजही तो प्रसंग लागला तर मी हातातलं काम सोडून बघतो.

तेव्हा मला जपानी गॉडझिला माहीतच नव्हता. तुमच्या प्रश्नावरून वाटतं, तुमचंही तसंच असावं. मुळात या सिनेमाला दोन प्रकारचे प्रेक्षक मिळाले. एक आपल्यासारखे, ज्यांच्यासाठी हा 'मोठ्ठ्या सरड्याचा सिनेमा' होता. दुसरे, ज्यांनी त्याला १९५४ पासूनच्या जपानी सिनेमांतून ओळखलं होतं. शिव्या प्रामुख्यानं दुसऱ्यांच्या आहेत. पण पहिल्यांनीही फार टाळ्या पिटल्या नव्हत्या, ते का, हे आधी सांगतो.

कारण जाहिरात. वर्षभर आधी एक छोटी झलक दाखवली होती: संग्रहालयात मुलं डायनासोरचा सांगाडा बघतायत, छत फोडून एक प्रचंड पाय खाली येतो आणि त्या सांगाड्याचा चुरा करतो. म्हणजे 'ज्युरासिक पार्क'वाल्यांना उघड उघड चिमटा. (हा प्रसंग प्रत्यक्ष सिनेमात नाहीच.) मग शहरभर फलक लागले. बसवर लिहिलेलं, त्याचं पाऊल या बसएवढं लांब आहे. चेहरा मात्र प्रदर्शनापर्यंत झाकून ठेवला. सगळा भर एकाच गोष्टीवर: आकार, आकार आणि आकार. दिग्दर्शक रोलंड एमरिच आणि निर्माता डीन डेव्हलिन ही जोडी १९९६ च्या 'इंडिपेंडन्स डे'मुळे हवेत होती, त्यामुळे लोकांनीही आशा आभाळाला टेकवल्या होत्या.

आणि मग मे १९९८ मध्ये पडद्यावर आला तो एक सडपातळ, पुढे झुकलेला, चपळ प्राणी. भुयारी रेल्वेच्या बोगद्यात मावतो, इमारतींच्या आड लपतो, मासे दिसले की लाळ गाळत येतो. त्याची उंची प्रसंगागणिक बदलते अशी तक्रार तर लोकांनी पहिल्याच आठवड्यात केली. वर जवळपास सगळा सिनेमा रात्रीचा आणि पावसातला. संगणकावर काढलेल्या प्राण्याचे दोष अंधारात आणि पाण्यात झाकले जातात, हे तंत्र म्हणून ठीक आहे. पण 'बघा केवढा मोठा आहे' म्हणून बोलावलं आणि नीट बघूच दिलं नाही, असं प्रेक्षकाला वाटलं. डोंगर पोखरला आणि पाल निघाली.

सिनेमा आपटला असं सर्रास म्हणतात, ते अर्धवट खरं आहे. सुमारे १३ कोटी डॉलर खर्च, जगभरातली कमाई सुमारे ३७.९ कोटी. बुडीत धंदा म्हणता येणार नाही. पण त्यातले अमेरिकेतले जेमतेम १३.६ कोटी. ७ हजारांहून जास्त पडद्यांवर लावून पहिल्या शनिवार-रविवारी लोक आले, आणि पुढच्या शनिवार-रविवारी गल्ला निम्म्याहूनही खाली घसरला. हा आकडा मला जास्त बोलका वाटतो. जाहिरात लोकांना आणते, घरी गेलेले लोक शेजाऱ्याला काय सांगतात ते जाहिरातीच्या हातात नसतं. पुढच्या भागाची तयारी होती, तीही गुंडाळली गेली. फक्त एक कार्टून मालिका निघाली आणि गंमत म्हणजे ती बऱ्याच चाहत्यांना सिनेमापेक्षा बरी वाटली.

आता दुसऱ्या, चिडलेल्या प्रेक्षकांकडे येऊ. इथे थोडं मागं जावं लागेल.

१ मार्च १९५४ ला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख 'दाइगो फुकुर्यू मारू' नावाच्या जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते, सगळ्यांना किरणोत्साराची बाधा झाली आणि त्यातला रेडिओ सांभाळणारा माणूस सप्टेंबरमध्ये गेला. ३ नोव्हेंबरला इशिरो होंडा यांचा 'गोजिरा', म्हणजे पहिला जपानी गॉडझिला, लागला आणि त्याची सुरुवातच समुद्रात एका बोटीवर लखकन उजेड पडून ती पेटण्यानं होते. थिएटरात बसलेल्या जपानी माणसाला हे काय चाललंय ते सांगायची गरज नव्हती. हिरोशिमा-नागासाकीला नऊच वर्षं झाली होती.

मी तो सिनेमा बराच उशिरा पाहिला. 'जुना रबरी राक्षस' बघून हसायच्या तयारीनं बसलो होतो. टोकियो पेटलंय, रस्त्याच्या कडेला एक बाई लेकरांना छातीशी धरून बसलीय आणि त्यांना सांगतेय की आता आपण लवकरच बाबांकडे जाणार. हसू तिथेच जिरलं. पुढे इस्पितळात एका पोरासमोर किरणोत्सार मोजायचं यंत्र धरतात, ते कडकड वाजतं आणि डॉक्टर नुसती मान हलवतात. राक्षसाच्या सिनेमात असं काही असू शकतं हे मला माहीतच नव्हतं.

आणि तो चालतो कसा ते बघा. आत हारुओ नाकाजिमा नावाचा माणूस होता, अंगावर साधारण १०० किलोचा पोशाख. त्या वजनाखाली त्याला धावता येणं शक्यच नव्हतं. शिवाय विशेष दृश्यं सांभाळणाऱ्या एजी त्सुबुराया यांनी ते चित्रण जास्त वेगानं करून पडद्यावर संथ दाखवलं, त्यामुळे प्रत्येक पावलाला आणि कोसळणाऱ्या प्रत्येक भिंतीला भार आला. तो कुणाच्या मागे लागत नाही. कुणापासून पळत तर नाहीच नाही. तोफा डागा, विजेच्या तारांचं कुंपण घाला, तो सरळ चालत राहतो. ती डरकाळीसुद्धा प्राण्याची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामड्याचा हातमोजा डबल बासच्या तारांवरून ओढून तो आवाज काढला. म्हणून तो घशातून आल्यासारखा वाटत नाही, काहीतरी फाटल्यासारखा वाटतो.

आता हे डोक्यात ठेवून १९९८ चा पुन्हा बघा. हेलिकॉप्टरं क्षेपणास्त्रं सोडतात आणि गॉडझिला काय करतो? चुकवतो! वाकतो, वळतो, गल्लीत शिरतो. क्षेपणास्त्रं जाऊन आदळतात क्रायस्लर इमारतीवर आणि तिचा शेंडा खाली येतो. नीट हिशेब केला तर न्यूयॉर्कचं निम्मं नुकसान सैन्यानंच केलंय. शेवटी ब्रुकलिन पुलाच्या तारांत अडकतो, लढाऊ विमानं येतात, साधी क्षेपणास्त्रं लागतात आणि मरतो. हृदयाचे ठोके मंदावतात, डोळा मिटतो. मला लहानपणी त्याची दया आली होती. चाहत्यांचं म्हणणं नेमकं हेच आहे की दया यावी असा तो नाहीच. त्याला मारता येत नाही, यावरच तर सगळा डोलारा उभा होता. १९५४ मध्ये त्याला संपवायला एका शास्त्रज्ञाला बॉम्बहून भयंकर शोध वापरावा लागला आणि तो शोध पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून स्वतःचा जीवही द्यावा लागला.

रूप बदललं म्हणून लोक भडकले, हे कारण नेहमी पुढे केलं जातं. मला ते फारसं पटत नाही. जपानी गॉडझिलाचं रूप दर दोन-चार सिनेमांनी बदलतच आलंय. कधी डोळे बटबटीत, कधी तोंड मांजरासारखं, एके काळी तर तो मुलांचा लाडका तारणहार झाला होता. ते सगळं लोकांनी पोटात घातलं. २०१६ च्या जपानी सिनेमात तो सुरुवातीला चक्क माशासारखे डोळे घेऊन रस्त्यावरून सरपटतो, तेही चाललं. चाललं नाही ते त्याचं घाबरणं. पॅट्रिक टाटोपुलस यांनी १९९८ साठी आखलेला प्राणी तसा सुबक आहे. त्याला दुसरं नाव दिलं असतं तर आज लोकांनी कौतुकानं आठवला असता, असं मला वाटतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, एवढीच खरी तक्रार. इंग्रजी चाहत्यांनी तर त्याचं बारसंच केलं: 'जिनो'. 'फक्त नावाचा गॉडझिला' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. १९८४ ते १९९५ या काळात जपानी गॉडझिलाचा पोशाख घातलेले केनपाचिरो सात्सुमा तर १९९८ वाल्याचा खेळ अर्ध्यावर सोडून बाहेर पडले होते.

आणखी एक गोष्ट बोचली, विशेषतः जाणत्यांना. बॉम्ब अमेरिकेचा होता, पण अमेरिकन सिनेमात चाचण्यांचा दोष गेला फ्रान्सकडे. फ्रान्सनं १९९५-९६ मध्ये पॅसिफिकमध्ये खरंच चाचण्या केल्या होत्या, त्यामुळे निमित्त आयतंच मिळालं. पण ज्या देशाच्या बॉम्बमुळे हा राक्षस जन्मला, त्यानंच तो विकत घेऊन त्याचा जन्मदाखला बदलावा, हे जरा अतिच. (त्यातल्या त्यात फ्रेंच गुप्तहेर झालेला जाँ रेनो आणि त्याची वाईट कॉफीबद्दलची कुरकुर मात्र सगळ्यांना आवडली. मलाही.)

पिल्लांबद्दल थोडक्यात. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोनशेच्या वर अंडी, त्यातून माणसाएवढी पिल्लं, मग बोळाबोळांतून पाठलाग. ज्याची जाहिरातीत टिंगल केली त्या डायनासोरच्या सिनेमाचीच ही नक्कल, हे कुणाच्याही नजरेतून सुटलं नाही. एमरिचनी महापौराला समीक्षक रॉजर एबर्ट यांचं नाव आणि तसाच चेहरा देऊन जुन्या टीकेचा सूड उगवला होता. एबर्ट यांनी परीक्षणात उलट कुरकुर केली: मग मला त्या राक्षसाकडून चिरडवलं का नाही?

खुद्द मालकांचं मत विचाराल तर, तोहो कंपनीनं १९९९ च्या डिसेंबरातच आपला जुना गॉडझिला परत आणला. २००१ च्या त्यांच्या सिनेमात सुरुवातीलाच एक टोमणा आहे: न्यूयॉर्कवर एका राक्षसानं हल्ला केला होता, अमेरिकन तज्ज्ञ त्याला गॉडझिला म्हणतात, जपानी तज्ज्ञांना मात्र शंका आहे. आणि २००४ ला, पन्नाशीच्या सिनेमात, त्यांनी तो अमेरिकन प्राणीच आणला. नाव नुसतं 'झिला', म्हणजे नावातला 'गॉड' काढून घेतलेला. सिडनीत खरा गॉडझिला त्याला शेपटीनं ऑपेरा हाउसवर भिरकावतो आणि जाळून टाकतो. सगळं काही सेकंदांत. ज्यांनी १९९८ ला तिकिटाचे पैसे घातले होते, त्यांनी वसूल केले ते तिथे.

२०१४ ला गॅरेथ एडवर्ड्सनी पुन्हा अमेरिकन गॉडझिला केला तेव्हा तक्रार उलटी होती: तो दिसतच नाही. खरंच, दोन तासांत मोजून काही मिनिटं दिसतो. पण शेवटच्या मारामारीत धुरळ्याच्या अंधारात शेपटीपासून एकेक काटा निळा पेटत वर येतो आणि तोंडातून ज्वाला निघते, तेव्हा मी ज्या खेळाला होतो तिथे अख्खं थिएटर ओरडलं. एवढ्यावर लोकांनी उरलेले दीड-पावणेदोन तास माफ केले. १९९८ वाला एक-दोनदा नुसती फुंकर मारतो आणि गाड्या पेटतात. आणि २०२३ चा जपानी 'गॉडझिला मायनस वन' तर १९९८ च्या तुलनेत किरकोळ खर्चात झाला. विशेष दृश्यांसाठी ३५ जणांची तुकडी होती, तिची सूत्रं खुद्द दिग्दर्शक ताकाशी यामाझाकींकडे होती, आणि ऑस्करही तिलाच मिळालं.

तुम्हाला १९९८ चा बरा वाटला यात काही चुकलं नाही. पण एक रात्र काढून १९५४ चा बघा, ९६ मिनिटांचाच आहे. फक्त बघताना एक सांभाळा. सुरुवातीलाच रेमंड बर नावाचा धिप्पाड अमेरिकन वार्ताहर इंग्रजीत गोष्ट सांगायला लागला, तर लगेच बंद करा. तो १९५६ चा अमेरिकन अवतार आहे: मूळ सिनेमातले बॉम्बचे बरेचसे उल्लेख कापले, मधे मधे हा माणूस चिकटवला आणि ८० मिनिटांत उरकला. गॉडझिलाचा दाखला बदलायचा प्रयत्न तेव्हाही झालाच होता.