टर्कीचं मांस चिकनपेक्षा जास्त पौष्टिक असतं का?

फार फरक नाही. टर्कीच्या छातीचं, कातडी काढून भाजलेलं १०० ग्रॅम मांस घेतलं तर साधारण ३० ग्रॅम प्रथिनं, जेमतेम २ ग्रॅम चरबी आणि १५०च्या आसपास कॅलरी मिळतात. चिकन ब्रेस्टही जवळपास तेवढंच देतं. शिवाय बी३, बी६, बी१२ ही जीवनसत्त्वं आणि सेलेनियम हे खनिज चांगलं असतं.

लोक छातीच्याच मागे लागतात, पण तंगडीचं गडद मांस मला उजवं वाटतं. चरबी थोडी जास्त, पण लोह आणि जस्तही जास्त, आणि चवीला रसाळ. छातीचं मांस जरा जास्त शिजलं की कोरडं ठाक.

अमेरिकेत थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणानंतर येणाऱ्या झोपेचं खापर टर्कीतल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लावर फोडतात. ते चिकनमध्येही तेवढंच असतं! झोप येते ती बटाटे, गोड ‘पाय’ (pie) आणि वाइन यांसकट पोटाला तडस लागेपर्यंत जेवल्यामुळे.

पाकिटातले टर्कीचे स्लाइस मात्र वेगळं प्रकरण आहे. त्यात मीठ भरपूर असतं, तेव्हा रक्तदाब असेल तर लेबल वाचूनच घ्या. घरी करत असाल तर आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ द्या.